छोटा धंदा आणि आरोग्य विम्याचा खर्च: अमेरिकेतल्या मराठी मालकांचे नेहमीचे प्रश्न

शिकागोच्या आसपास ज्यांची दुकानं, मोटेल, डेकेअर, उपाहारगृहं आहेत अशा आपल्या लोकांची पगारपत्रकं आणि हिशेब मी बरीच वर्षं बघतो. नोव्हेंबर लागला की विमा कंपनीचं नूतनीकरणाचं पत्र येतं आणि पाठोपाठ मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "हे सगळं त्या ओबामाकेअरमुळे ना?" दर वर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. आकडे २०२६ सालचे आहेत; दुसऱ्या वर्षाचे असतील तिथे तसं लिहिलं आहे.

माझ्याकडे आठ माणसं कामाला आहेत. त्यांना विमा दिला नाही तर दंड होतो का?

नाही. विमा देण्याची सक्ती पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या मालकांवर आहे. २३ मार्च २०१० रोजी सही झालेल्या अफोर्डेबल केअर ॲक्टमध्ये (हेच ते ओबामाकेअर) हे पहिल्यापासून असंच आहे, आणि तरीही आठ माणसांचा मालक धास्तावलेला आणि साठ माणसांचा मालक निवांत, असं चित्र मी अनेकदा पाहिलं आहे.

पन्नास मोजायचे कसे? माझ्याकडे अर्धे लोक पार्ट टाइम आहेत.

इथेच लोक चुकतात. आठवड्याला सरासरी ३० तास किंवा महिन्याला १३० तास काम करणारा माणूस फुल टाइम धरला जातो. चाळीस तास ही दुकानदारांची जुनी समजूत. या कायद्यात ती चालत नाही. बाकीच्यांचे महिन्याचे तास एकत्र करायचे (एका माणसाचे जास्तीत जास्त १२०) आणि बेरजेला १२० ने भागायचं. जो आकडा येईल तेवढी "माणसं" फुल टाइमवाल्यांत मिळवायची. असं गेल्या वर्षाच्या बाराही महिन्यांचं काढून सरासरी घ्यायची.

समजा, एका उपाहारगृहात ३२ फुल टाइम आणि ३० पार्ट टाइम आहेत, पार्ट टाइमवाले महिन्याला ८० तास करतात. ३० गुणिले ८० म्हणजे २,४०० तास. भागिले १२० म्हणजे २०. बत्तीस आणि वीस, बावन्न. झालात तुम्ही "मोठे मालक".

पण दंडाचं गणित वेगळं आहे आणि ते कुणी सांगत नाही. उंबरठा ओलांडला की नाही हे ठरवताना पार्ट टाइमवाले धरतात, दंड आकारताना मात्र फक्त फुल टाइमवाले, आणि त्यातूनही पहिले तीस वजा. विमा दिलाच नाही आणि एकाही फुल टाइम माणसाने सरकारी बाजारात (जिथे लोक आपला वैयक्तिक विमा घेतात) सबसिडी घेतली, तर माणशी वर्षाला ३,३४० डॉलर. वरच्या उपाहारगृहाला दोन माणसांचा, म्हणजे ६,६८० डॉलर दंड. तोच ५५ फुल टाइमवाल्या मोटेल-मालकाला पंचवीस माणसांचा, ८३,५०० डॉलर. हा दंड खर्च म्हणून उत्पन्नातून वजाही करता येत नाही. दोघांवरही कायदा तोच आहे. एकाची रात्रीची झोप उडावी आणि दुसऱ्याने निदान कॅल्क्युलेटर काढावा.

विमा दिला पण तो महाग किंवा अगदीच तुटपुंजा असेल, तर दुसरा दंड: जो माणूस प्रत्यक्ष सबसिडी घेईल त्याच्यामागे ५,०१० डॉलर.

सणासुदीला माणसं वाढतात त्यांची काळजी नको. वर्षातले १२० दिवस किंवा त्याहून कमी काळच आकडा पन्नासच्या वर गेला आणि वरची माणसं हंगामी असली, तर तुम्ही छोटेच राहता.

माझ्या तीन मोटेलच्या तीन वेगळ्या एलएलसी आहेत. प्रत्येकीत वीस-वीस माणसं. मग मी सुटलो ना?

नाही सुटलात. मालकी एकाच हातात असेल तर तिन्ही कंपन्यांची माणसं एकत्र मोजतात. नवऱ्याच्या नावावर एक आणि बायकोच्या नावावर दुसरी केल्यानेही बहुतेक वेळा सुटका होत नाही. एकाची मालकी दुसऱ्याची धरण्याचे नियम आहेत. भाऊ-भाऊ किंवा मित्र भागीदार असतील तर कुणाचे किती टक्के यावर ठरतं. हे सीपीएकडून (परवानाधारक हिशेबनिसाकडून) कागदावर लिहून घ्या, फोनवर विचारू नका.

मग या कायद्याने माझा प्रीमियम वाढवला की कमी केला?

दोन्ही. तुमच्याकडे कोण काम करतं त्यावर.

२०१० च्या आधीही छोट्या मालकाला विमा नाकारता येत नव्हता. १९९६ च्या कायद्याने दोन ते पन्नास माणसांच्या गटाला पॉलिसी देणं कंपन्यांना भाग होतं. पण किंमत काय लावायची यावर केंद्राचा लगाम नव्हता. बऱ्याच राज्यांत अर्जात प्रत्येकाची दुखणी विचारत. दहा जणांच्या छापखान्यात एक माणूस डायलिसिसवर गेला की पुढच्या वर्षी दहाही जणांचा प्रीमियम उडी मारायचा. धंदा कोणता, बायका किती, गट केवढा, यावरूनही दर बदलत. तरुण बायका जास्त असलेल्या डेकेअरला "बाळंतपणं निघतील" म्हणून जादा दर लागायचा.

१ जानेवारी २०१४ पासून छोट्या गटाच्या पॉलिसीत हे सगळं बंद झालं. आता दर ठरतो चार गोष्टींवर: वय, राहण्याचा भाग, घरातली किती माणसं विम्यात आहेत, आणि तंबाखू. दुखणी नाहीत, बाई-पुरुष नाही, धंदा नाही. शिवाय बाळंतपण, मानसिक आजार, औषधं अशा दहा प्रकारच्या सेवा प्रत्येक पॉलिसीत असल्याच पाहिजेत.

म्हणजे ज्याच्याकडे वयस्कर, आजारी माणसं होती त्याला हायसं वाटलं, आणि ज्याच्याकडे पंचविशीतली धडधाकट पोरं होती त्याचा प्रीमियम वाढला. कायद्याने खर्च फारसा आटवला नाही. तो कुणाच्या पानात किती वाढायचा ते बदललं. माझ्या मते हे बदललं ते बरंच झालं, कारण पंचविशीतली पोरं पंचविशीत राहत नाहीत. पण ज्याचं बिल वाढलं त्याला हे ऐकवून उपयोग नसतो, हेही मला माहीत आहे.

छोटा गट म्हणजे बहुतेक राज्यांत पन्नासपर्यंत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कोलोरॅडो आणि व्हर्माँटमध्ये शंभरपर्यंत.

वयाचा फरक किती पडतो?

बराच. केंद्र सरकारच्या तक्त्यात २१ वर्षांच्या माणसाला १ धरला तर ४० ला १.२७८, ५० ला १.७८६, ६० ला २.७१४ आणि ६४ ला ३. त्यापुढे वाढत नाही. समजा, २१ वर्षांच्या मुलाचा दर महिना ४०० डॉलर असेल, तर त्याच पॉलिसीत चाळिशीतल्याचे ५११ आणि साठीतल्याचे १,०८६. आचारी म्हातारा होत जातो तसा विमा आपोआप चढतो, कंपनीने दर एक पैशानेही वाढवला नाही तरी. नूतनीकरणाच्या पत्रातल्या वाढीतला काही भाग हा नुसत्या वाढदिवसांचा असतो, आणि पन्नाशीनंतर तो बराच जाणवतो.

न्यूयॉर्क आणि व्हर्माँटमध्ये वयाचा फरकच नाही; मॅसॅच्युसेट्समध्ये तो दुपटीच्या वर जाऊ देत नाहीत.

कायदा झाला तरी प्रीमियम दर वर्षी वाढतोच. मग सुधारणा कसली?

रागावणं रास्त आहे. केएफएफ या संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी प्रीमियम २०१० साली १३,७७० डॉलर होता, २०२५ साली २६,९९३. जवळजवळ दुप्पट. पण या पाहणीत मोठ्या कंपन्याही आहेत, ज्यांना वर सांगितलेले दराचे नियम लागूच नाहीत, त्यांचाही वाढलाच. मूळ कारण इस्पितळांचे दर आणि महागडी औषधं. या कायद्याने त्या दुखण्यावर फारसा हात घातला नाही.

एक लगाम मात्र घातला. छोट्या गटाच्या पॉलिसीत जमलेल्या प्रीमियमपैकी निदान ८० टक्के रक्कम उपचारांवर आणि सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च झालीच पाहिजे. कचेरी, जाहिरात, दलाली, नफा हे सगळं उरलेल्या वीसमध्ये. त्याहून जास्त ठेवून घेतलं तर फरक परत करावा लागतो.

सप्टेंबरमध्ये विमा कंपनीचा चेक आला. तो माझा का?

हाच तो परतावा, आणि तो बहुधा पूर्ण तुमचा नाही. प्रीमियममध्ये माणसं वाटा भरत असतील तर त्या प्रमाणात त्यांचा हिस्सा द्यावा लागतो: रोख, किंवा पुढच्या हप्त्यातून कमी करून, साधारण तीन महिन्यांच्या आत. एका दुकानदाराने तो चेक फ्रीजर दुरुस्तीला लावला होता. रक्कम लहान होती म्हणून निभावलं.

छोट्या मालकांना टॅक्स क्रेडिट मिळतं म्हणे. किती?

मिळतं, पण अटी वाचता वाचता निम्मे लोक गळतात. पंचविसापेक्षा कमी माणसं (इथे वर्षाला २,०८० तास म्हणजे एक माणूस), सरासरी पगार ठरावीक मर्यादेच्या आत (२०२५ साली ती मर्यादा ६६,६०० डॉलर होती), प्रत्येकाच्या एकट्याच्या प्रीमियमचा निदान अर्धा वाटा तुम्ही भरलेला, आणि पॉलिसी शॉप नावाच्या सरकारी व्यवस्थेतून मान्य असलेली. क्रेडिट तुम्ही भरलेल्या वाट्याच्या ५० टक्क्यांपर्यंत, पण लागोपाठ दोनच वर्षं. पूर्ण ५० टक्के फक्त दहा किंवा कमी माणसं आणि अगदी कमी पगार असेल तर. माणसं आणि पगार वाढेल तसं ते उतरत जातं.

आता आपल्या लोकांची खास अडचण. या हिशेबात मालक आणि नातेवाईक धरत नाहीत. नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, पुतण्या, भाचा, मेहुणा, सासरे, सगळे बाद. गल्ल्यावर मेहुणा, भटारखान्यात काकू आणि डिलिव्हरीला भाचा असेल तर क्रेडिट कशावर मागणार? गंमत अशी की पन्नासच्या मोजणीत हेच मेहुणे पगारावर असतील तर धरले जातात.

क्रेडिट ८९४१ क्रमांकाच्या फॉर्मवर मागायचं. शॉपमध्ये तुमच्या काउंटीत पॉलिसी आहे का हे आधी बघा. अनेक ठिकाणी ती नसतेच, आणि मग बाकीचा सगळा अभ्यास वाया.

ग्रुप पॉलिसीची कटकट नको. माणसांना सांगतो, तुमचा तुम्ही विमा घ्या, पावती आणा, मी पैसे देतो. चालेल?

असं सरळ चालत नाही, आणि हा या पानावरचा सगळ्यात महाग प्रश्न आहे. ठरलेल्या चौकटीबाहेर वैयक्तिक विम्याचे पैसे परत दिले तर माणशी दिवसाला १०० डॉलर कर-दंड लागू शकतो. इथे मालक छोटा असला तरी सूट नाही.

कायदेशीर वाटा तीन. पहिली: सरळ पगार वाढवा, विम्याची अट न घालता. त्यावर दोघांनाही कर लागतो, पण डोक्याला ताप नाही.

दुसरी, क्यूसेहरा. डिसेंबर २०१६ च्या कायद्याने आलेली, पन्नासपेक्षा कमी माणसांसाठीच. ग्रुप पॉलिसी ठेवायची नाही. माणूस आपला विमा घेतो, पुरावा देतो, तुम्ही करमुक्त पैसे देता. २०२६ ची मर्यादा एकट्याला ६,४५० आणि कुटुंबाला १३,१०० डॉलर. कमाल आकडा आहे तो. तुम्ही दोन हजारच ठरवलेत तरी चालतं.

तिसरी, इक्रा, जानेवारी २०२० पासून. मालक कितीही मोठा असो, रकमेला वरची मर्यादा नाही, आणि फुल टाइम-पार्ट टाइम असे वर्ग पाडून वेगळी रक्कम देता येते. वयाप्रमाणे तिपटीपर्यंत फरकही करता येतो. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच खर्च ठरतो. दर वाढला तर तो माणसाच्या अंगावर जातो, तुमच्या नाही. हे सोयीचं आहे पण त्यांना आधीच स्पष्ट सांगा.

दोन्ही योजनांत मालकाला स्वतःला (एकल मालक, भागीदार, एस कॉर्पोरेशन या प्रकारच्या कंपनीत दोन टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेला) करमुक्त पैसे घेता येत नाहीत. आणि दर वर्षी ३१ जुलैपर्यंत ७२० क्रमांकाचा फॉर्म भरून माणशी काही डॉलरचं एक छोटं शुल्क द्यावं लागतं. रक्कम चहापाण्याची, पण विसरलं की पत्रं येतात.

मग ग्रुप पॉलिसी बरी की माणसांना सरकारी बाजारात पाठवलेलं बरं?

२०२५ पर्यंत मी कमी पगाराची माणसं असलेल्या मालकांना बिनदिक्कत सांगायचो: ग्रुप पॉलिसीच्या मागे लागू नका. कारण तुम्ही विमा देऊ केला आणि त्याचा माणसाच्या वाट्याचा खर्च घरच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत बसला (२०२६ साठी ९.९६ टक्के), तर त्याची बाजारातली सबसिडी बंद होते. मालक चांगुलपणाने जेमतेम पॉलिसी देतो आणि भांडी घासणाऱ्याचा जवळजवळ फुकटात मिळणारा विमा जातो, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०२६ मध्ये गणित बदललं. २०२१ पासून चालू असलेली वाढीव सबसिडी २०२५ च्या अखेरीस संपली. दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नाच्या वर, म्हणजे एकट्याला ६२,६०० आणि चौघांच्या घराला १,२८,६०० डॉलरच्या वर, आता काहीच मिळत नाही. एक डॉलर जास्त झाला तरी नाही. तेव्हा ज्यांचे पगार बरे आहेत आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे अशा माणसांना बाजारातला विमा झेपत नाही, आणि ती ग्रुप पॉलिसी मागतील. कमी पगारवाल्यांसाठी बाजार अजूनही बरा. टेक्सासमध्ये असाल तर एक जादा विचार: तिथे मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) वाढवलेलं नाही, त्यामुळे फारच कमी कमावणाऱ्या माणसाला बाजारात सबसिडीही नाही आणि मेडिकेडही नाही.

एच-वन-बीवर माणसं ठेवणाऱ्या छोट्या आयटी कंपन्यांनी हे लक्षात ठेवा: ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्यानुसार २०२७ पासून सबसिडी मुख्यतः ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांपुरती उरते. व्हिसावरचा माणूस बाजारातून पॉलिसी घेऊ शकेल, पण पूर्ण किमतीला. म्हणजे त्याच्यासाठी तुमचा ग्रुप विमा ही सोय न राहता गरज होणार.

ब्रोकर "लेव्हल फंडेड" प्लॅन घ्या म्हणतोय. वीस टक्के स्वस्त आहे.

स्वस्त आहे कारण त्यात तुमच्या माणसांची दुखणी विचारून दर लावतात. कागदोपत्री विमा तुम्हीच देता, महिन्याला ठरलेली रक्कम भरता, आणि मोठ्या क्लेमसाठी वेगळं संरक्षण विकत घेता. त्यामुळे छोट्या गटाचे दराचे नियम त्याला लागत नाहीत. २०१० च्या आधीची पद्धत मागच्या दाराने आली, असं मी म्हणतो.

वाईटच आहे असं नाही. तरुण, निरोगी गटाला खरंच पैसे वाचतात, कधी वर्षाअखेरीस काही परतही मिळतात. पण एखाद्याला कर्करोग निघाला की पुढच्या वर्षीचा दर बघवत नाही. तेव्हा परत नेहमीच्या छोट्या गटाच्या पॉलिसीत येता येतं, तिथे नाही म्हणता येत नाही. तुम्ही असे परत याल हे त्या पॉलिसीतल्या इतरांनाही महागात पडतं, कारण निरोगी बाहेर आणि आजारी आत असा प्रवाह चालू राहतो. करार सोडताना उरलेल्या क्लेमचं कोण बघणार, हे कलम सही करण्याआधी वाचा.

निम्मी माणसं विमा नको म्हणतात. कंपनी म्हणते सत्तर टक्के लोक हवेत.

१५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात अर्ज करा. त्या काळात १ जानेवारीपासूनच्या पॉलिसीला किमान किती माणसं आणि मालकाचा किमान किती वाटा, या अटी कंपनीला लावता येत नाहीत. जोडीदाराच्या नोकरीतून विमा असलेली माणसं एरवीच्या हिशेबातूनही बहुधा वगळतात.

दुकानात मी आणि बायको दोघंच.

मग ग्रुप पॉलिसी नाही. मालक आणि त्याचा जोडीदार सोडून निदान एक पगारी माणूस लागतो. तुम्ही वैयक्तिक पॉलिसी घ्या आणि प्रीमियम स्वयंरोजगाराच्या वजावटीत दाखवा.

भारतात ईएसआय असतो तसं इथे का नाही?

ईएसआय म्हणजे भारतातला कामगारांचा सरकारी विमा. तिथे दहा माणसं झाली की महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे, मग माणूस पंचवीसचा असो की अठ्ठावन्नचा. मालकाचा खर्च पगारावर ठरतो. इथे तो वयावर ठरतो, पगाराशी त्याचा संबंध नाही. म्हणून इथे तासाला पंधरा डॉलरवाल्या साठीतल्या माणसाचा विमा त्याच्या पगाराच्या मानाने अवाढव्य दिसतो. बाकी तुलना पुढच्या गणपतीत करू.

हा कायदा रद्द होणार का? थांबू का?

नका थांबू. छोट्या मालकांची राष्ट्रीय संघटनाच याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली होती आणि २०१२ साली मुख्य मुद्द्यावर हरली. २०१७ मध्ये सिनेटमध्ये रद्द करण्याचा प्रयत्न थोडक्यात फसला, २०२१ मध्ये कोर्टाने आणखी एक दावा फेटाळला. मधल्या काळात विमा नसलेल्या माणसावरचा केंद्राचा दंड शून्य झाला आणि महागड्या पॉलिसींवरचा कर लागू होण्याआधीच रद्द झाला. तुकडे पडतात, इमारत उभी आहे.

नूतनीकरणाचं पत्र समोर आहे. पहिल्यांदा काय बघू?

एकूण टक्केवारी सोडा, ती सगळ्यात शेवटी. आधी माणसांची यादी बघा: सोडून गेलेला कुणी अजून यादीत आहे का, जन्मतारखा बरोबर आहेत का. एका डेकेअरच्या यादीत जन्मसाल १९८६ ऐवजी १९६८ पडलं होतं आणि वर्षभर साठीच्या दिशेने निघालेल्या बाईचा दर भरला जात होता. मग कंपनीची वाढ किती आणि वाढदिवसांची किती, ते ब्रोकरकडून वेगळं लिहून मागा. तो नेहमी देत नाही, पण मागितल्यावर देतो. ब्रोकरची दलाली प्रीमियममध्येच असते, थेट कंपनीकडे गेलात तरी दर तोच, त्यामुळे त्याला कामाला लावायला संकोच नको. डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी माणसाने खिशातून भरायची रक्कम) वाढवून प्रीमियम कमी केलेला पर्याय देत असतील तर तुमच्याकडे किती जणांना रोजची औषधं चालू आहेत हे मनात धरून बघा, त्यांना दुखणं विचारू नका. आणि हे सगळं १५ डिसेंबरच्या आत.